डास आपला, हात परक्याचा

पावसाळा ओसरू लागला की जळगावच्या मेहरूण भागात मलेरियाच्या कर्मचाऱ्यांच्या फेऱ्या वाढतात. तलावाकाठच्या वस्त्यांत घरोघरी जाऊन टाक्या आणि ड्रम उघडून बघायचे, अळी दिसली तर अॅबेट हे अळीनाशक टाकायचं, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणून बजावायचं आणि कुणाला थंडी वाजून ताप येत असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. तपासणीत ‘व्हायव्हॅक्स’ निघाला तर दोन औषधं मिळतात. क्लोरोक्विन ३ दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस. पहिल्या गोळ्यांनी ताप उतरतो आणि मग उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात, कारण बरं वाटणाऱ्या माणसाला औषध कडू लागतं. पण त्या गोळ्या संपवाव्याच लागतात. व्हायव्हॅक्सचा परजीवी यकृतात दडी मारून बसतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. त्याला दडलेल्या जागी गाठायचं काम प्रायमाक्विन करतं.

ही गोळी अमेरिकेतल्या तुरुंगात पारखली गेली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैनिक हिवतापाने लोळत होते. जपानने जावा घेतलं आणि क्विनीनचा पुरवठा तुटला. तेव्हा शिकागो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी लष्कराच्या पाठबळावर इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगातच एक वॉर्ड थाटला. चारशेवर कैद्यांनी संमतिपत्रावर सह्या केल्या, डास चावून घेतले, तापाने फणफणले आणि एकामागून एक नवी औषधं घेतली. १९४५ साली ‘लाइफ’ मासिकाने त्यांची छायाचित्रं मोठ्या कौतुकाने छापली. प्रायमाक्विन त्या चाचण्यांतून पुढे आलं आणि कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना दिलं गेलं. काही कैद्यांच्या, विशेषतः कृष्णवर्णीय कैद्यांच्या, तांबड्या पेशी या औषधाने फुटतात हेही तिथेच दिसलं. त्यामागे जी६पीडी नावाच्या विकराची कमतरता असते, हे त्या कामातूनच १९५६ साली जगाला कळलं. प्रायमाक्विन चालू असताना लघवी काळसर झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात या, असं आज सांगितलं जातं ते त्यामुळे.

औषध खरं होतं, ज्ञानही खरं होतं. पण सही करणारा माणूस गजाआड होता आणि शिक्षा कमी होईल ही आशा त्या सहीमागे होती. स्टेटव्हिलचे प्रयोग १९७४ पर्यंत चालले.

माणसाला मुद्दाम हिवताप देऊन शिकण्याची ही पद्धत तिथे संपली नाही. तुरुंगातून ती बाहेर पडली, तिला नियम लागले, आणि आज हिवतापावरची जवळजवळ प्रत्येक नवी लस तिच्यातूनच पुढे जाते. तिला नियंत्रित मानवी संसर्ग चाचणी म्हणतात. ऑक्सफर्ड, लायडन, नायमेखन, बाल्टिमोर या शहरांत ती वर्षानुवर्षं चालली आहे, टांझानियातल्या बागामोयोत आणि केनियातल्या किलिफीतही झाली आहे. हिवतापासाठी भारतात ती अजून झालेली नाही. गंमत अशी की या चाचणीत चावणारा डास, तिच्यातून तावूनसुलाखून निघालेली लस आणि लशींमागची काही डोकी यांचे धागे मात्र थेट महाराष्ट्राशी जुळलेले आहेत.

आधी चाचणी कशी होते ते पाहू. लशीची नेहमीची परीक्षा म्हणजे हजारो लोकांपैकी निम्म्यांना लस, निम्म्यांना बिनलशीची सुई द्यायची आणि वर्ष-दोन वर्षं वाट पाहायची, कुणाला आजार होतो आणि कुणाला नाही. त्यात पैसा तर लागतोच, पण निरुपयोगी लस निरुपयोगी आहे हे कळायलाही तेवढीच वर्षं आणि तेवढीच मुलं लागतात. संसर्ग चाचणीत २०-३० निरोगी प्रौढ पुरतात आणि उत्तर काही आठवड्यांत मिळतं. हे प्रत्येक रोगाबाबत करता येत नाही. हिवतापात जमतं, कारण परजीवी रक्तात केव्हा उतरणार हे आधीच सांगता येतं, ताप चढण्याआधीच तो पीसीआर तपासणीत सापडतो आणि निवडलेल्या वाणावर औषध हमखास चालतं. बहुतेक ठिकाणी हिवतापाच्या फाल्सिपॅरम या दुसऱ्या परजीवीचा ‘३डी७’ नावाचा वाण वापरतात. तो क्लोरोक्विनलाही दाद देतो, आणि फाल्सिपॅरम यकृतात दडून राहत नाही, त्यामुळे एकदा औषध दिलं की विषय संपतो.

प्रत्यक्षात स्वयंसेवक एका बंद, उबदार खोलीत बसतो. टेबलावर कागदी पेला असतो, तोंडाला जाळी बांधलेली आणि आत ५ माद्या. तो हाताची आतली बाजू जाळीवर टेकवतो. पाचेक मिनिटांत माद्यांची पोटं लाल होऊन फुगतात. पेला उचलला जातो, पण काम तिथे थांबत नाही. त्याच माद्या सूक्ष्मदर्शकाखाली उघडून त्यांच्या लाळग्रंथी तपासतात, कारण नुसता डास चावणं पुरेसं नाही, त्याच्या लाळेत परजीवी होते का आणि त्याने खरंच रक्त प्यायलं का, हे दोन्ही कळायला हवं. एखादी मादी कोरडी निघाली तर पाचाचा आकडा पुरा होईपर्यंत दुसरी आणतात. मग स्वयंसेवक घरी जातो. परजीवी आठवडाभर यकृतात वाढतात, तेव्हा त्याला काहीच जाणवत नाही. साधारण सातव्या दिवसापासून रोज, कधी दिवसातून दोनदा रक्त द्यायला यावं लागतं. परजीवींची संख्या ठरलेल्या रेषेपलीकडे गेली की लगेच औषध. ज्यांच्या रक्तात काहीच सापडत नाही त्यांनाही ठरलेल्या दिवशी औषध देऊनच सोडतात.

त्रास होतोच. डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, काहींना दोनतीन दिवस थंडीताप भरतो. नायमेखनच्या एका चाचणीत एका तरुण स्वयंसेविकेच्या छातीत उपचारानंतर दुखू लागलं आणि हृदयाला इजा झाल्याचं निघालं. ती बरी झाली, पण त्यानंतर स्वयंसेवक निवडताना हृदयाची तपासणी अधिक काटेकोर झाली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या परजीवींनी बाधित केलेले डास चावून घ्यायची आधुनिक पद्धत १९८६ साली अमेरिकेत बसली. तेव्हापासून जगभर हजारो लोकांनी हे करून घेतलं आहे.

पेल्यातला तो डास म्हणजे अॅनोफिलीस स्टेफेन्सी. प्रयोगशाळेत तो सहज जगतो, पिंजऱ्यात समागम करतो, परजीवी भरपूर वाहतो, म्हणून या कामासाठी जगभर त्याला पसंती आहे. शास्त्राला त्याची पहिली ओळख झाली ती वऱ्हाडात. विल्यम ग्लेन लिस्टन नावाच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या तरुण डॉक्टरने एलिचपुरात, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपुरात, वर्षभर अॅनोफिलीस डासांच्या सवयी टिपल्या आणि १९०१ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये त्या छापल्या. त्यातच या जातीचं वर्णन आलं. हाच लिस्टन पुढे मुंबईत प्लेगच्या कामात पडला, उंदरांच्या पिसवांवर त्याने महत्त्वाचे प्रयोग केले आणि परळच्या ज्या प्रयोगशाळेला आज हाफकिन संस्था म्हणतात तिचा प्रमुख झाला. नायमेखनच्या प्रयोगशाळेत या डासाची पिढ्यानपिढ्या जपलेली वसाहत ‘सिंध-कसूर’ नावाने ओळखली जाते. ती आली फाळणीपलीकडच्या प्रदेशातून, पण जात तीच, अचलपूरची.

हा डास शहरी आहे. भातखाचरं, डबकी यांच्यापेक्षा त्याला विहीर, हौद, गच्चीवरची टाकी जवळची वाटते. मुंबईत गोदी आणि गिरण्यांच्या भागात हिवताप का हटत नाही याचा शोध चार्ल्स बेंटली यांनी घेतला आणि १९११ च्या अहवालात घराघरांतल्या विहिरींकडे बोट दाखवलं. विहिरी झाकायच्या म्हटल्यावर मोठा गदारोळ झाला, कारण अनेक विहिरी पारशी आणि हिंदू कुटुंबांसाठी पवित्र होत्या. मुंबईत इमारतीच्या टाकीला घट्ट झाकण हवंच हा आग्रह तेव्हापासूनचा आहे. २०१२ मध्ये हा डास आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि तिथल्या शहरांत हिवताप झपाट्याने वाढला. भारतातल्या विहिरी-टाक्यांचा जुना अनुभव आता इथिओपियातल्या आरोग्यखात्यांना उपयोगी पडतो आहे.

डासाची ही ओळख पटण्याआधीच हिंदुस्थानात माणसांवर प्रयोग सुरू झाले होते. रोनाल्ड रॉस यांना १८९५ साली वाटत होतं की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो. सिकंदराबादेत त्यांनी लछमन नावाच्या निरोगी तरुणाला डास मेलेलं पाणी पाजलं. त्याला थोडा ताप आला आणि गेला. कल्पना चूक निघाली. दोन वर्षांनी, १८९७ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णाला डास चावून घेतले, दर डासामागे एक आणा देऊन. २० ऑगस्टला त्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना परजीवी सापडले आणि १९०२ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. ‘जागतिक डास दिन’ त्याच तारखेला असतो. आणा घेतलेल्या हुसेन खानाला आपण कशासाठी हात पुढे करतोय हे किती सांगितलं गेलं असेल, हा प्रश्न या साऱ्या इतिहासाला चिकटून राहिलेला आहे.

रॉस यांचे गुरू पॅट्रिक मॅन्सन यांनी वेगळा मार्ग घेतला. १९०० साली त्यांनी रोमहून रुग्णांचं रक्त प्यायलेले डास लंडनला मागवले आणि वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या स्वतःच्या मुलाला चावू दिले. त्या घरात तोवर हिवतापाचा मागमूस नव्हता. मुलाला ताप आला, रक्तात परजीवी दिसले, क्विनीनने तो बरा झाला आणि काही महिन्यांनी त्याच तापाने त्याला पुन्हा गाठलं. डासावाटे हिवताप होतो याबद्दल लंडनमध्ये उरलीसुरली शंका फिटली.

त्याच सुमाराला मुंबई प्लेगने होरपळत होती. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, जिथे प्लेग शिरला होता, तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. लस घेतलेल्यांत आजार कमी झाला. हाफकिन यांनी प्लेग कुणाला दिला नाही. तो आधीच दाराशी होता, त्यांनी त्याच्या वाटेत लस उभी केली. संसर्ग चाचणीत डॉक्टर स्वतः रोग देतो, म्हणून तिथे जबाबदारीही दुसऱ्या तऱ्हेची येते. आणि हाफकिन यांनी सुई आधी स्वतःला टोचली ही गोष्ट आपल्या इथल्या वैद्यकाच्या इतिहासात अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला डाखाउ. क्लाउस शिलिंग या जर्मन डॉक्टरने तिथल्या छळछावणीत हजारावर कैद्यांना हिवताप दिला. १९४६ साली त्याला फाशी झाली. नंतर न्युरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा आरोपींच्या वकिलांनी अमेरिकेला उलटा सवाल केला, मग तुमच्या स्टेटव्हिलमध्ये काय चाललंय? छावणी आणि तुरुंग एकाच तराजूत घालणं चुकीचं होतं, पण प्रश्न बोचणारा होता. १९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम सांगतं, माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे. आजच्या चाचण्या त्या कलमाच्या आधाराने उभ्या आहेत.

लशीचा प्रवास उंदरांपासून सुरू झाला. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ नुसेन्झ्वाइग यांनी किरणोत्सर्गाने निकामी केलेल्या परजीवींनी उंदरांना संरक्षण मिळतं हे दाखवलं. सत्तरच्या दशकात डेव्हिड क्लाइड यांनी तेच माणसांवर करून पाहिलं आणि त्यात ते स्वतः सहभागी झाले. १९८७ मध्ये अमेरिकन लष्करी संशोधकांनी परजीवीच्या पृष्ठभागावरच्या एकाच प्रथिनाची लस करून पाहिली. टोचून घेणाऱ्यांत संशोधक स्वतःही होते. त्यांतले स्टीफन हॉफमन आपण वाचलो या खात्रीने व्याख्यानाला गेले आणि तिथेच थंडीतापाने आडवे झाले. त्या चाचणीत सहाजणांपैकी एकच वाचला. दहा वर्षांनी, १९९७ साली, त्याच प्रथिनाचा तुकडा हेपटायटिस बी च्या प्रथिनाला जोडून केलेल्या ‘आरटीएस,एस’ लशीने एका गटातल्या ७ पैकी ६ जणांना डासांच्या चाव्यातून वाचवलं. एवढ्याशा आकड्यावर पुढे आफ्रिकेतल्या हजारो मुलांपर्यंत जायची हिंमत आली. जागतिक आरोग्य संघटनेने ती लस ऑक्टोबर २०२१ मध्ये मुलांसाठी सुचवली.

तिची धाकटी बहीण म्हणजे ‘आर२१/मॅट्रिक्स-एम’, ऑक्सफर्डने घडवलेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली. हडपसरच्या कारखान्याचं नाव कोविडमुळे घरोघरी पोचलं, पण ही लस कदाचित त्याहून जास्त काळ लक्षात राहील. ऑक्सफर्डच्या स्वयंसेवकांनी डास चावून घेऊन तिची परीक्षा घेतली. त्यानंतर बुर्किना फासोतल्या नानोरोमध्ये ४५० मुलांवर चाचणी झाली आणि पावसाळ्याआधी मॅट्रिक्स-एम हे पूरक द्रव्य ज्यादा प्रमाणात असलेली लस घेतलेल्यांत ७७ टक्के संरक्षण दिसलं. मग चार देशांत सुमारे ४,८०० मुलं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आली २ ऑक्टोबर २०२३ ला, आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये मुलांना ही लस द्यायला सुरुवात झाली. एका डोसची किंमत २ ते ४ डॉलर ठरली, म्हणून ती गरीब देशांना परवडते. २०२३ मध्ये जगात हिवतापाचे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यांतली बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं होती. पुण्यातून निघणाऱ्या कुप्यांचा अर्थ त्या आकड्यांशेजारी ठेवून बघायला हवा.

पण ही लस खानदेशाच्या हिवतापावर नाही. आर२१ आणि आरटीएस,एस दोन्ही फाल्सिपॅरमवर आहेत. फाल्सिपॅरम महाराष्ट्रात आहे, मुख्यतः गडचिरोलीच्या जंगलात. शहरांत आणि मैदानात आपला जुना सोबती व्हायव्हॅक्स. त्यावर अजून एकही मान्यताप्राप्त लस नाही आणि त्याचं एक मोठं कारण असं की व्हायव्हॅक्स प्रयोगशाळेत वाढवत ठेवता येत नाही. फाल्सिपॅरम १९७६ पासून बाटलीत सतत वाढवतात. व्हायव्हॅक्सला हव्या असतात कोवळ्या तांबड्या पेशी, आणि त्या बाटलीत सतत पुरवणं कुणाला नीट साधलेलं नाही. म्हणजे व्हायव्हॅक्सच्या लशीची परीक्षा घ्यायची तर माणसाखेरीज पर्याय अगदी थोडे.

इथे कथेत एक मराठी नाव येतं. चेतन चिटणीस यांनी आयआयटी मुंबईत भौतिकशास्त्राचं शिक्षण घेतलं, अमेरिकेत जीवशास्त्राकडे वळले आणि लुई मिलर यांच्याकडे हिवतापावर काम करू लागले. मिलर यांनी १९७६ साली एक जुनं कोडं सोडवलं होतं. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांना व्हायव्हॅक्स का होत नाही? व्हायव्हॅक्सचे डास चावलेल्या ११ कृष्णवर्णीय आणि ६ श्वेतवर्णीय स्वयंसेवकांची रक्तं त्यांनी तपासली. ज्यांच्या तांबड्या पेशींवर ‘डफी’ नावाचं प्रथिन नव्हतं ते पाचजण तेवढे वाचले होते, बाकी बाराही आजारी पडले होते. डफी हे परजीवीचं दार आहे हे त्यातून स्पष्ट झालं. ते दार पकडायला परजीवी स्वतःच्या प्रथिनाचा नेमका कोणता भाग वापरतो, हे चिटणीस आणि मिलर यांनी १९९४ मध्ये दाखवलं. तोच भाग लशीसाठी घ्यायचा, म्हणजे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवेल आणि परजीवीला दाराची कडी सापडणारच नाही. चिटणीस दिल्लीतल्या आयसीजीईबी या संस्थेत वर्षानुवर्षं या लशीवर झटले. त्यांना २००४ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये इन्फोसिस पुरस्कार. पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले.

लस भारतात घडली. तिची संसर्ग चाचणी मात्र ऑक्सफर्डला झाली. तीही सोपी नव्हती. थायलंडमधल्या एका रुग्णाचं रक्त डासांना पाजून ते डास विमानाने लंडनला आणले गेले, मॅन्सन यांच्या रोमच्या डासांसारखेच. दोन स्वयंसेवकांना ते चावले, दोघांचं संक्रमित रक्त गोठवून साठवलं, आणि मग त्या साठ्यातला थोडासा भाग थेट शिरेत देऊन इतरांना आजार दिला. लशीची चाचणी सुरू होती तोच कोविड आला आणि सगळं थांबलं. काही स्वयंसेवकांचा तिसरा डोस एक वर्षाहून अधिक लांबला. २०२३ मध्ये निकाल लागला तेव्हा असं दिसलं की ज्यांचा तिसरा डोस चौदाव्या महिन्यात पडला होता त्यांच्यात लशीने सगळ्यात चांगलं काम केलं. परजीवीची वाढ निम्म्याने मंदावली. संसर्ग थांबला नाही, सगळ्यांना औषध द्यावंच लागलं. तरीही व्हायव्हॅक्सला रक्तात रोखू पाहणारी लस माणसात चालते, हे पहिल्यांदा दिसलं. कोविडने लांबवलेल्या डोसाचा असा उपयोग होईल हे कुणी ठरवलं नव्हतं.

आता प्रश्न असा की ही परीक्षा ऑक्सफर्डला का, पुण्यात किंवा दिल्लीत का नाही?

त्यामागे भीती आहे, आणि ती निराधार नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा अभ्यास झाला. अभ्यासाच्या काळात दगावलेल्या मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध सापडला नाही. पण आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. अभ्यास थांबवला गेला, संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. त्याच काळात औषध-चाचण्यांच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नियम बदलले. ‘परदेशी कंपन्यांनी आपल्या गरिबांना गिनिपिग केलं’ हे वाक्य तेव्हापासून लोकांच्या मनात ठसलेलं आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२३ साली अशा चाचण्यांसाठी नैतिक धोरण मांडलं. त्यात निरोगी प्रौढच घ्यावेत, मुलं आणि गर्भवती स्त्रिया नकोत, संमती देणाऱ्याला खरंच समजलंय का हे तपासावं, गेलेल्या वेळेचा आणि मजुरीचा मोबदला मिळावा, पण तो मोहात पाडणारा नसावा, या धर्तीच्या अटी आहेत. कागदावर हे चांगलं आहे. खरी कसोटी मोबदल्याच्या आकड्यावर लागेल. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांना काही हजार पौंडांपर्यंत रक्कम मिळते. किलिफीच्या चाचणीत दिलेल्या मोबदल्यावरून केनियात वर्तमानपत्रं तापली होती. धुळ्याच्या एमआयडीसीतल्या रोजंदारीवरच्या मजुराला महिन्याच्या कमाईच्या अनेक पट रक्कम दाखवली तर त्याच्या ‘हो’ला हुसेन खानाच्या एका आण्यापेक्षा फार वेगळा अर्थ उरणार नाही.

पण याला दुसरी बाजूही आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. किलिफीत आयुष्यभर हिवतापाच्या सान्निध्यात वाढलेल्या प्रौढांना परजीवी दिले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांच्या रक्तात ते वाढलेच नाहीत. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याचं शरीर असं वागत नाही. म्हणजे नंदुरबारच्या धडगावात किंवा गडचिरोलीच्या एटापल्लीत राहणाऱ्या माणसावर लस कशी वागेल, हे ऑक्सफर्डच्या हातावरून पूर्ण कळणार नाही. ज्यांना रोग छळतो त्यांनाच गरिबी छळते आणि त्यांना वगळलं तर त्यांच्यासाठीचं ज्ञान अर्धवट राहतं. या पेचातून अलगद सुटका नाही. मार्ग निघेल तो क्रमाने. पहिले स्वयंसेवक पुण्या-मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले डॉक्टर, शास्त्रज्ञ, पोट भरलेले आणि ‘नाही’ म्हणायला न कचरणारे लोक असायला हवेत, पण विद्यार्थी आपल्याच प्राध्यापकांच्या चाचणीत नकोत. त्यांच्यावर पद्धत बसली, रक्तपेढीसारखा परजीवींचा सुरक्षित साठा उभा राहिला, उपचार वेळेवर पोचतात हे दिसलं, की मग हिवतापाच्या गावांकडे जायचं, तेही गावाच्या बैठकीत प्रश्नोत्तरं झाल्यावर. तिथलं संमतिपत्र मराठीतही पुरेसं नाही. सातपुड्यात ते पावरीत वाचून दाखवावं लागेल, भामरागडमध्ये माडियात, आणि ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्यावरच अंगठा घ्यावा.

त्याआधी आयसीएमआरपुढे एक ठोस निवड येणार आहे. तिच्या भुवनेश्वरच्या केंद्राने ‘अॅडफाल्सीव्हॅक्स’ नावाची लस घडवली आहे. तीत परजीवी यकृतात शिरण्याआधी त्याला अडवण्याचा आणि माणसातून पुन्हा डासात जाण्यापासून रोखण्याचा असा दुहेरी प्रयत्न आहे. २०२५ मध्ये तिचं तंत्रज्ञान भारतीय कंपन्यांकडे सोपवायची प्रक्रिया सुरू झाली. मानवी चाचण्या पुढे आहेत. सुरक्षिततेची पहिली पायरी झाली की लस डासांपुढे नेण्याचा प्रश्न येईल. तेव्हा ती नेहमीप्रमाणे ऑक्सफर्ड-लायडनला पाठवता येईल, किंवा अचलपूरच्या डासाची वसाहत जपणारी एखादी बंदिस्त खोली, २४ तास चालू राहणारी पीसीआर प्रयोगशाळा, स्वयंसेवकासाठी पुढच्या कित्येक वर्षांचा विमा आणि औषध कंपनीचा पगार न घेणाऱ्या लोकांची नैतिकता समिती एवढं सगळं इथे उभं करता येईल. मुंबईत हाफकिन संस्था आहे, केईएमसारखी रुग्णालयं आहेत, पुण्यात विषाणूविज्ञान संस्था आणि लस कारखाने आहेत. तयारीला दोन-तीन वर्षं लागतील आणि ती लस तयार होण्याआधी सुरू व्हायला हवी.